पार्ट बुकप्रमाणे मागवलं तरी बसत नाही? जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर बदललेलं इंजिन कसं ओळखायचं

तक्रारीचं स्वरूप बहुतेक वेळा सारखंच असतं. ट्रॅक्टर १९६५ ते १९७५ च्या आसपासचा. मॉडेलची पाटी स्वच्छ वाचता येते, पार्ट बुकही हाताशी आहे. त्यातला नंबर देऊन हेड गॅस्केट मागवलं तर बोल्टची भोकं जुळत नाहीत. पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट उघडमीट करणारे संपर्क, मागवले तर ते बसवायला इंजिनावर जागाच नाही. ठिणगी देणारी कॉइल बसली, पण थोडे दिवस चालून गेली. दुसरी आणली, तीही गेली. मग शिव्या खातो तो पार्ट पाठवणारा.

त्या बिचाऱ्याने मागितलं तेच पाठवलेलं असतं. पुस्तक त्या ट्रॅक्टरचंच आहे, इंजिन मात्र त्या ट्रॅक्टरचं नाही.

गार्डन ट्रॅक्टरमध्ये हे इतकं सर्रास का होतं, हे कळायला फार डोकं लावावं लागत नाही. एक सिलिंडरचं एअर-कूल्ड इंजिन, खाली चार बोल्ट, पेट्रोलची एक नळी, थ्रॉटल आणि चोकच्या दोन केबल, तीन-चार वायरी. एवढं सोडवलं की दोन माणसं इंजिन उचलून बाजूला ठेवतात. गिअरबॉक्स आणि चेसिस दणकट, ते पन्नास वर्षं सहज काढतात. इंजिनात मात्र एकदा तेल कमी पडलं की कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. मग मोडीत निघालेल्या दुसऱ्या ट्रॅक्टरचं इंजिन याच्यावर चढतं. तीन-चार मालक होऊन गेले की कोणी काय चढवलं याचा पत्ता लागत नाही.

म्हणून ट्रॅक्टरच्या मॉडेलवरून इंजिनाचा एकही पार्ट मागवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी समोर जे बसलेलं आहे ते काय आहे ते ठरवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि लागतं काय, तर व्हर्नियर, मल्टिमीटर, थिनर आणि एक जुनं फडकं.

आधी बघा, इंजिन बदललं आहे का

सुरुवात इंजिनाच्या पायांपासून करा. कारखान्यातून आलेल्या इंजिनाखाली चेसिसची भोकं गोल असतात आणि वायसरखालचा रंग शाबूत असतो. नंतर चढवलेल्या इंजिनाखाली कानशीने लांबवलेली भोकं, शेजारीच पाडलेली दुसरी भोकं, किंवा मध्ये घातलेली एखादी जाड पट्टी दिसते. उंची जुळवायला वायसरची चळत घातली असेल तर शंकाच नको.

मग सायलेन्सर बघा. हूडमध्ये त्याच्यासाठी ठेवलेली जागा एकीकडे आणि पाइप दुसरीकडूनच निघतोय, किंवा हूडचा पत्रा कापलाय, असं असेल तर इंजिन दुसरं आहे. थ्रॉटलची केबल उलटी वळवून आणलेली असते, तीही खूण चांगली. पण सगळ्यांत जास्त बोलतात त्या कुठेच न जोडलेल्या, टोकाला चिकटपट्टी गुंडाळून सोडून दिलेल्या वायरी. त्या मूळ इंजिनाच्या असतात. त्या उपटून टाकू नका, पुढे चार्जिंगचं कोडं सोडवताना लागतील.

रंगावर फार विसंबू नका, कारण विकण्याआधी सगळं एका रंगात न्हाऊ घालायची पद्धत जुनी आहे. वरचा पत्रा काढून सिलिंडरच्या पंखांच्या मुळाशी बघा. तिथे स्प्रे पोचत नाही, मूळ रंग तिथेच सापडतो.

एक अपवाद ध्यानात ठेवा. कधीकधी इंजिन मूळचंच असतं, पण कंपनीनेच मधल्या काळात पुरवठादार बदललेला असतो. जॉन डीअर ११२ सुरुवातीला टेकुमसेच्या १० अश्वशक्तीच्या इंजिनावर यायचा, नंतर त्याच मॉडेलवर कोहलरचं १० अश्वशक्तीचं इंजिन आलं. व्हील हॉर्स या ट्रॅक्टर कंपनीने तर कोहलर, टेकुमसे, ब्रिग्ज, ओनान अशा सगळ्याच कंपन्यांची इंजिनं वापरली. म्हणजे इंजिन पुस्तकाशी जुळलं नाही म्हणून ते बदललेलंच, असंही नाही. तुमच्याकडचं पुस्तक दुसऱ्या वर्षाचं असू शकतं.

पाटी वाचा, पण ती कशावर बसली आहे तेही बघा

कोहलरची पाटी किंवा स्टिकर असतं फ्लायव्हीलवरच्या पत्र्यावर, म्हणजे ज्यातून हवा खेचली जाते त्या झाकणावर. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचे नंबर तर त्या पत्र्यातच ठोकलेले असतात. आणि हा पत्रा चार-सहा स्क्रूंवर असतो. इंजिन गेलं, पत्रा चांगला राहिला, तो दुसऱ्या इंजिनावर लागला, हे नेहमीचंच. शिवाय या कंपन्या नुसता शॉर्ट ब्लॉकही, म्हणजे पिस्टन-क्रँकसह इंजिनाचा गाभा, विकायच्या. तो घेतला की जुना पत्रा, जुना कार्बोरेटर, जुना स्टार्टर सगळं त्यावर चढायचं. पाटी जुनी, आतलं सगळं नवं. त्यामुळे पाटी हा पुरावा नाही, सुगावा आहे. तरी वाचायची तर नीट वाचा.

रंग चढला असेल तर वायर ब्रश लावू नका, स्टिकरवरची छपाई त्याबरोबर निघून जाते. थिनरने ओलं केलेलं फडकं हलक्या हाताने फिरवा. ठोकलेले अक्षर असतील तर बाजूने टॉर्च धरा, सावलीत अंक उठून दिसतात.

कोहलरच्या पाटीवर तीन गोष्टी असतात: मॉडेल, स्पेक आणि सिरीयल. के मालिकेच्या मॉडेलमधले पहिले दोन अंक साधारणपणे घनइंचातली क्षमता दाखवतात. के १८१ म्हणजे १८.६ घनइंच आणि ८ अश्वशक्ती, के २४१ म्हणजे २३.९ आणि १०, के ३०१ म्हणजे २९.०७ आणि १२, के ३२१ म्हणजे ३१.२७ आणि १४, के ३४१ म्हणजे ३५.८९ आणि १६. पुढची अक्षरं इंजिनाला काय काय जोडलंय ते सांगतात: एस म्हणजे इलेक्ट्रिक स्टार्ट, टी म्हणजे दोरी ओढून सुरू होणारं, ए म्हणजे खास ऑइल पॅन, क्यू म्हणजे कमी आवाजाचं मॉडेल. यातला ए किरकोळ समजू नका. पॅन वेगळा म्हणजे पाय वेगळे आणि तेल मोजायची डिपस्टिकही वेगळी. आधीच्या इंजिनाची डिपस्टिक नव्या पॅनवर खोचली असेल तर "फुल"ची खूण खोटी ठरते, आणि याच इंजिनांचे रॉड तेलावाचून तुटतात.

मॉडेल नंबराने गाव कळतं, स्पेक नंबराने घर. तेच के ३०१ निरनिराळ्या ट्रॅक्टर कंपन्यांसाठी वेगळ्या पॅनचं, वेगळ्या शाफ्टचं, वेगळ्या पत्र्याचं बनायचं, आणि तो फरक फक्त स्पेक नंबरात असतो. मॉडेलचा भाग पुसला असला तरी स्पेकचे पहिले दोन अंक कामाला येतात: ३० असेल तर के १८१, ४६ तर के २४१, ४७ तर के ३०१, ६० तर के ३२१ आणि ७१ तर के ३४१. सिरीयल नंबर दहा अंकी असेल तर पहिल्या दोन अंकांत ७० मिळवा, वर्ष मिळतं. १८ ने सुरू होणारा नंबर १९८८ चा. ट्रॅक्टर १९६९ चा आणि इंजिनावर १८, तर मग आणखी काही तपासायची गरज नाही, इंजिन किंवा निदान पत्रा नंतरचा आहे.

ब्रिग्जची पद्धत मला जास्त आवडते, कारण नंबर वाचला की कॅटलॉग न उघडता इंजिन डोळ्यांसमोर उभं राहतं. समजा मॉडेल २४३४३१ आहे. पहिले २४ म्हणजे घनइंच. नंतरचा ३ म्हणजे त्या आकारातली रचना कितवी ते. मग ४ म्हणजे आडवा शाफ्ट, फ्लो-जेट कार्बोरेटर आणि यांत्रिक गव्हर्नर. पुढचा ३ म्हणजे फ्लँजवर बसणारं, बॉल बेअरिंगचं. शेवटचा १ म्हणजे दोरी गुंडाळून सुरू करायचं. आता शेवटी १ आहे आणि समोर इलेक्ट्रिक स्टार्टर दिसतोय, तर स्टार्टर नंतर लावलाय किंवा पत्रा उसना आहे. गिअरवर चालणारा १२ व्होल्टचा स्टार्टर आणि सोबत अल्टरनेटर असेल तर शेवटचा अंक ७ हवा. त्याच ओळीत कोड असतो, तो सरळ तारीख असते: ७३०४२४ ने सुरू झाला तर २४ एप्रिल १९७३.

टेकुमसेचं थोडक्यात: एचएच म्हणजे आडव्या शाफ्टचं ओतीव लोखंडाचं जड इंजिन, पुढचा आकडा अश्वशक्तीच्या दहापट. एचएच १०० म्हणजे १०. सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीच्या नावाने विकलेल्या यंत्रावर इंजिनाचा नंबर १४३ ने सुरू होत असेल तर आत टेकुमसेच आहे. सिरीयलचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. दशक मात्र त्यातून कळत नाही, ते इतर खुणांवरून ठरवावं लागतं.

आणि एक सापळा. ब्लॉकवर, हेडवर, मॅनिफोल्डवर ओतकामातच उठवलेले मोठे ठसठशीत नंबर दिसतात. लोक तेच घेऊन पार्ट शोधत बसतात. ते साच्याचे नंबर आहेत, पार्टचे नव्हेत. एकाच ओतकामातून वेगवेगळ्या मापांचे ब्लॉक कापले जातात.

पाटी नाही, किंवा पाटीवर भरवसा नाही: मोजा

इथे थोडा वेळ द्या, कारण शेवटी खरं उत्तर इथेच मिळतं. हेड काढायचं. नवं हेड गॅस्केट लागेल, ते चुकीच्या पार्टांवर घालवलेल्या पैशांपेक्षा स्वस्तच पडतं. बोल्ट गंजलेले असतील तर आदल्या रात्री तेल सोडून ठेवा. जोर करून बोल्ट ब्लॉकमध्येच मोडला तर अर्ध्या दिवसाचे दोन आठवडे होतात.

आधी स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरखाली किती सरकतो ते. पिस्टन अगदी वर आणा, ब्लॉकच्या सपाटीपासून पिस्टन किती खाली किंवा वर आहे ते व्हर्नियरच्या मागच्या दांड्याने मोजा. मग पिस्टन अगदी खाली न्या, पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे स्ट्रोक. दांडा पिस्टनच्या मधोमध सरळ टेकवा, कडेला कार्बन साचलेला असतो. प्लगच्या भोकातून काडी घालून मोजायची पद्धत वरचा बिंदू शोधायला ठीक आहे, मापाला नाही, कारण काडी जराशी तिरकी गेली की दोन-तीन मिलिमीटर चुकलेच.

मग बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. इथे बऱ्याच जणांचा गोंधळ उडतो: सिलिंडर झिजलेला असतो, मग कुठलं माप खरं? सिलिंडरच्या तोंडाशी बोट फिरवा. वरची दोन-तीन मिलिमीटरची कड नखाला लागते. वरची रिंग तिथपर्यंत पोचत नाही, म्हणून ती कड झिजत नाही. लाकडी पट्टीने कार्बन खरवडून त्या कडेवरच व्हर्नियरचे आतले जबडे लावा. दोन दिशांनी मोजा.

आता के मालिकेची मापं. के २४१ चा बोअर ३.२५१ इंच, म्हणजे ८२.६ मिमी, आणि स्ट्रोक २.८७५ इंच, ७३ मिमी. के ३०१, के ३२१ आणि के ३४१ या तिघांचा स्ट्रोक एकच, ३.२५ इंच, साधारण ८२.५ मिमी. म्हणजे स्ट्रोकवरून २४१ लगेच बाजूला निघतो. उरलेल्या तिघांत बोअर निकाल देतो: ३.३७५ इंच म्हणजे ८५.७ मिमी असेल तर ३०१, ३.५ इंच म्हणजे ८८.९ मिमी तर ३२१, ३.७५ इंच म्हणजे ९५.२५ मिमी तर ३४१. बोअरिंग केलेलं असलं तरी ओव्हरसाइझ पिस्टन ०.०३० इंचापर्यंतच मिळायचे, पाऊण मिलिमीटर. त्यामुळे एकाचं माप दुसऱ्यात सहसा मिसळत नाही. पिस्टनच्या माथ्यावर ०१०, ०२० किंवा ०३० ठोकलंय का तेही बघून ठेवा.

"सहसा" म्हटलं, कारण एक कारागिरी मुद्दाम केली जाते. ३०१ आणि ३२१ चा स्ट्रोक एकच असल्यामुळे ३०१ चा ब्लॉक आठवा भाग इंच मोठा करून त्यात ३२१ चा पिस्टन घालतात. अशा इंजिनावर पाटी खरोखरच ३०१ ची असते, मूळचीच असते, आणि तरी रिंगा ३२१ च्या लागतात. हे मोजल्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.

नुसत्या क्षमतेवर किंवा अश्वशक्तीवर जाऊ नका हेही इथेच सांगतो. कोहलर के २४१ मध्ये २३.९ घनइंच आणि ब्रिग्जच्या २४ मालिकेत २३.९४. दोन्ही १० अश्वशक्तीची. पण ब्रिग्जचा बोअर ३ पूर्णांक १/१६ इंच आणि स्ट्रोक ३.२५; कोहलरचा बोअर ३.२५१ आणि स्ट्रोक २.८७५. एकाचा स्ट्रोक तोच दुसऱ्याचा बोअर! "१० अश्वशक्तीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन" एवढ्यावर पिस्टन मागवला तर काय हातात पडेल याचा नेम नाही.

रॉड मागवायचा असेल तर क्रँकपिन, म्हणजे रॉड ज्यावर बसतो तो क्रँकचा भाग, मोजल्याशिवाय मागवू नका. के २४१ पासून के ३४१ पर्यंत मूळ माप १.५०० इंच, आणि के १६१, के १८१ मध्ये १.१८६. माप १.४९० च्या आसपास आलं तर क्रँक आधीच एकदा ग्राइंड झालेला आहे आणि ०.०१० अंडरसाइझ, म्हणजे तेवढ्या बारीक पिनसाठीचा, रॉड लागेल. स्टँडर्ड रॉड त्यावर बसतो, फिरतोही, आणि काही तासांत ठोका द्यायला लागतो. वारंवार रॉड जाणाऱ्या इंजिनांत हे कारण तेलाच्या खालोखाल येतं. मायक्रोमीटर नसेल तर क्रँक घेऊन मशीन शॉपमध्ये जा. व्हर्नियरवर या मापाचा भरवसा धरू नका.

एवीतेवी इंजिन उघडलंच असेल तर मोठ्या के मालिकेत क्रँकच्या शेजारी दोन बॅलन्स गिअर असतात का ते पाहा. त्यांची बेअरिंग गेली की गिअर सुटून ब्लॉक फोडतात. बरेच जुने मिस्त्री ते काढून टाकतात, थोडी थरथर वाढते एवढंच. मीही काढण्याच्याच बाजूचा आहे.

कॉइल पुन्हा पुन्हा का जाते

बदललेल्या इंजिनाचं सगळ्यांत खर्चिक दुखणं हे, आणि दोष कॉइलचा क्वचितच असतो.

जुन्या के मालिकेच्या बऱ्याच इंजिनांत बॅटरी इग्निशन असतं. पॉइंट ब्लॉकच्या बाहेर एका छोट्या झाकणाखाली असतात, कॅमवरून एक बारीक पुशरॉड त्यांना उघडतो, गॅप ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर. या व्यवस्थेत चावी फिरवली की कॉइलला १२ व्होल्ट मिळतात, बंद केली की तुटतात.

मॅग्नेटो किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये सगळं उलटं. कॉइल फ्लायव्हीलच्या चुंबकावर स्वतःच वीज तयार करते, तिला बॅटरी लागतच नाही. चावी बंद केली की स्विच एक वायर चेसिसला टेकवतो आणि ठिणगी मरते. १९८० च्या दशकातली कोहलर मॅग्नम मालिका आणि १९८२ पासूनची ब्रिग्जची मॅग्नेट्रॉन याच जातीची. मॅग्नम दिसायला के मालिकेसारखीच, बसतेही तिच्या जागी, म्हणूनच ती जुन्या ट्रॅक्टरवर जास्त चढते.

आता काय होतं बघा. जुनं इंजिन काढलं, मॅग्नम चढवलं. ट्रॅक्टरच्या वायरिंगमध्ये "कॉइलची वायर" आहे, नव्या इंजिनावरही कॉइलपाशी एक टर्मिनल आहे. जोडली. चावी फिरवली की थेट १२ व्होल्ट किल टर्मिनलमध्ये, म्हणजे ठिणगी मारायच्या वायरीच्या जागी. कॉइलचं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल जळतं. नवं आणून तसंच जोडलं की तेही जळतं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. ती वायर इंजिनापाशी सुटी करा. चावी चालू करून वायर आणि चेसिसमध्ये व्होल्टेज बघा. १२ आले तर स्विच बॅटरी इग्निशनचा आहे, या इंजिनाला चालणार नाही. व्होल्टेज काहीच नाही, आणि चावी बंद केल्यावर वायर आणि चेसिसमध्ये मल्टिमीटर (कंटिन्युइटीवर ठेवून) वाजला, तर स्विच मॅग्नेटोचा आहे. स्विच बदलायचा, कॉइल नव्हे.

उलटाही प्रकार असतो. ट्रॅक्टरवर मॅग्नेटोचा स्विच आणि वर बॅटरी इग्निशनचं इंजिन. ठिणगीच येत नाही, म्हणून कोणीतरी बॅटरीवरून कॉइलला थेट वायर ओढलेली असते. मग चावी बंद करून इंजिन बंद होत नाही, चोक ओढून मारावं लागतं. आणि इंजिन थांबताना पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइलमधून रात्रभर करंट वाहत राहतो. सकाळी बॅटरी उतरलेली, कॉइल तापून गेलेली.

मोटारीची कॉइल लावलेली असेल तर तिच्या दोन लहान टर्मिनलमधला रोध मोजा. ३ ते ४.५ ओहमच्या दरम्यान असेल तर ठीक. दीड ओहमच्या आसपास असेल तर तिला बाहेरून रेझिस्टर लागतो. तो नसेल तर पॉइंट काळे पडत राहणार आणि तुम्ही ते बदलत राहणार.

चार्जिंग

इथेही दोन जाती. पट्ट्यावर फिरणारा, एखाद्या लांबट डब्यासारखा दिसणारा स्टार्टर-जनरेटर असेल तर त्याला ए आणि एफ टर्मिनल असतात आणि वेगळा रेग्युलेटर लागतो. दुसऱ्या जातीत फ्लायव्हीलला दातेरी कडं, त्यावर आदळणारा छोटा स्टार्टर, आणि फ्लायव्हीलखाली स्टेटर, म्हणजे वीज तयार करणारी स्थिर गुंडाळी. त्याचा रेग्युलेटर-रेक्टिफायर वेगळा, एकाचा दुसऱ्याला चालत नाही. ट्रॅक्टरवर जुना रेग्युलेटर राहिला आणि इंजिन दुसऱ्या जातीचं आलं, तर बॅटरी कधीच भरणार नाही. कोहलरच्या १५ अँपिअर स्टेटरची खातरजमा करायला त्याच्या दोन वायरी सुट्या करून ३६०० आरपीएमला एसी व्होल्टेज मोजा. २८ किंवा जास्त हवेत. कमी आले तर स्टेटर गेला, भरपूर आले तर दोष पुढे आहे.

कब कॅडेटवाल्यांसाठी वेगळं

इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या कब कॅडेट ट्रॅक्टरमध्ये, १९६० च्या दशकातल्या पहिल्या ७ अश्वशक्तीच्या के १६१ पासून, गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट पट्ट्यावर नाही तर फ्लायव्हीलच्या बाजूने निघतो आणि पुढच्या टोकाला पीटीओचा, म्हणजे जोडलेल्या अवजारांना ताकद देणाऱ्या शाफ्टचा, क्लच असतो. व्हील हॉर्सचं के ३०१ आणि कब कॅडेटचं के ३०१ आतून भावंडं, बाहेरून मात्र फ्लायव्हील, पत्रा, पॅन, शाफ्टचं टोक सगळं वेगळं. म्हणून कब कॅडेटवर बदललेलं इंजिन बहुतेकदा दुसऱ्या कब कॅडेटचंच असतं. १२२ वर १४९ चं १४ अश्वशक्तीचं इंजिन सापडलं तर नवल नाही. इथे पाटी खरी असायची शक्यता जास्त, तरी बोअर मोजाच.

जुन्या ट्रॅक्टरवर नवं इंजिन

अलीकडे होंडाच्या जीएक्स धर्तीवरची इंजिनं जुन्या ट्रॅक्टरवर बसवतात. अस्सल आणि नक्कल यांतला फरक मापात आहे. जीएक्स ३९० चा बोअर ८८ आणि स्ट्रोक ६४ मिमी, क्षमता ३८९ सीसी. ४२० सीसीची नक्कल ९० आणि ६६. जीएक्स २०० मध्ये ६८ आणि ५४, २१२ सीसीच्या नकलेत ७० आणि ५५. त्यामुळे पिस्टन आणि रिंगा एकमेकांना चालत नाहीत. कार्बोरेटर आणि गॅस्केट पुष्कळदा चालतात, पण जुना पार्ट शेजारी ठेवून भोकं जुळवल्याशिवाय पाकीट फोडू नका.

दोन सिलिंडरचं कोहलर केटी १७ निघालं तर ते पहिल्या मालिकेचं की दुसऱ्या, हे स्पेक नंबरावरून आधी ठरवा. पहिल्या मालिकेत रॉडना तेल उडून मिळतं, दुसरीत दाबाने. पहिल्या मालिकेचं इंजिन उतारावर सतत चालवलं की रॉड तेलावाचून राहतो. दोन्ही बाहेरून सारखी दिसतात, आत तसं नाही.

खिचडी निघाली तर

सगळं तपासून झाल्यावर अनेकदा कळतं की समोर कुठलंच एक इंजिन नाही. ब्लॉक ३०१ चा, पिस्टन ३२१ चा, फ्लायव्हील दुसऱ्या इंजिनाचं, कार्बोरेटर तिसऱ्याच ठिकाणचा. हरकत नाही, चालू शकतं. फक्त एका मॉडेल नंबराने सगळे पार्ट मागवायचे दिवस संपले. पिस्टन आणि रिंगा मोजलेल्या बोअरवरून, रॉड क्रँकपिनवरून, हेड गॅस्केट ब्लॉकवरून, कॉइल आणि स्टेटर फ्लायव्हीलवरून, पॅनचं गॅस्केट आणि डिपस्टिक पॅनवरून, कार्बोरेटरचं किट त्याच्यावर ठोकलेल्या नंबरावरून. विक्रेत्याला ट्रॅक्टरचं नाव सांगूच नका. सांगितलं की तो पुस्तक उघडतो आणि गाडी परत पहिल्या स्टेशनावर.

आणि जे काही सापडलं ते पेंट मार्करने हूडच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा: ब्लॉक के ३०१, बोअर ३.५००, क्रँकपिन ०.०१० अंडरसाइझ, मॅग्नेटो स्विच, डिपस्टिक बदलली, तारीख. पुढचा मालक कोण असेल त्याला तेवढं पुरे.